कबुतर छज्ज्यावर का बसतं आणि गाणं मागच्या रांगेत का फाटतं

वळचण (धागाकर्ता)

शहरातल्या रोजच्या तक्रारी एका जागी आणायच्या म्हणून हा धागा. बाल्कनीत कबुतरं, डक्टमध्ये उंदीर, खिडकीसमोर मोहोळ, आणि हौसेने गेलेल्या कार्यक्रमात एक शब्द कळेल तर शपथ. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. उपाय आधी विकत आणला जातो आणि जागा नंतर बघितली जाते. म्हणून इथे लिहिताना आधी जागेचं सांगा, मग उपायाचं. कबुतरांपासून सुरुवात करतो.

पारवा मूळचा कड्याकपारीतला. त्याला झाड नको, वरून आडोसा असलेला सपाट काठ हवा. आपण इमारतीत तो मजल्यागणिक बांधून ठेवलेला असतो: एसीच्या बाहेरच्या युनिटमागची फट, खिडकीवरचा छज्जा, डक्टमधल्या पाइपांचे जोड, ग्रिलमधली कुंड्यांची फळी. जोडी बसली की बहुधा दोन अंडी, १७ ते १९ दिवस उबवण, आणि पिल्लं उडायला चार-पाच आठवडे. पहिली पिल्लं घरट्यात असतानाच मादी पुढची अंडी घालू शकते. त्यामुळे "एवढी पिल्लं उडू देत, मग सावकाश बघू" म्हटलं की तो दिवस उजाडतच नाही.

बघायचं ते हे, की कबुतरं तिथे नुसती टेकतात, रात्रीचा मुक्काम करतात की घरटं करतात. काठाच्या कडेला विरळ शिंतोडे असतील तर टेकण्याची जागा. एकाच ठिकाणी खाली ढीग साचत असेल तर रात्रीचा मुक्काम. काड्या आणि पिसं असतील तर घरटं. टेकणारं कबुतर काट्यांच्या पट्टीने हटतं. घरटं केलेलं हटत नाही, ते काट्यांतच काड्या अडकवून त्यावर बसतं. काट्यांची पट्टी कुचकामी म्हणणारे आणि तिची शिफारस करणारे दोघेही खरं बोलत असतात, फक्त जागा वेगळ्या.

पट्टी लावायचीच तर काठाची पूर्ण रुंदी भरली पाहिजे. बाहेरच्या कडेला तीन सेंटीमीटर जरी मोकळे राहिले तरी कबुतर तिथे पाय रोवतं आणि मागचे काटे वाकवत आत सरकतं. शक्य असेल तिथे त्याहून चांगलं म्हणजे काठच तिरका करणं. पत्रा किंवा गुळगुळीत फळी ४५ अंशांच्या वर कलती बसवायची, ६० असेल तर निर्धास्त. दोन्ही टोकं बंद करा, नाहीतर पत्र्याखालची पोकळी म्हणजे आयतं घरटं.

---

कोनाडा

घरट्याच्या जागेला जाळीच. पण निम्म्या जाळ्या चुकीच्या लागतात, म्हणून तपशील देतो.

चौकोन ५० मिमीचा. चिमण्याही अडवायच्या असतील तर १९ मिमी, पण मग वारा आणि धूळ दोन्हींचा ताण जाळीवर येतो. धागा पीळ दिलेला, गाठींचा, उन्हात टिकणाऱ्या पॉलिथिलिनचा घ्या. मासेमारीच्या दोऱ्यासारखा पारदर्शक नायलॉन घेऊ नका. पक्ष्याला तो दिसत नाही, त्याच्या गाठी सरकतात, आणि पाय अडकलेलं कबुतर लोंबकळत मरतं. रंग गडद घ्या. आतून बाहेर बघताना गडद जाळी नजरेला अडत नाही, पांढरी सतत डोळ्यांसमोर राहते.

नुसते हूक मारून त्यांना जाळी अडकवणं ही सगळ्यात मोठी चूक. दर ३० सेंटीमीटरला स्टेनलेस हूक, प्लग घालून. त्या हुकांतून चौकटीभोवती स्टीलची वायर रोप फिरवायची, कोपऱ्यात टर्नबकल (फिरवून दोर ताणायचा स्क्रू) लावून ती ताणायची, आणि मग जाळी त्या दोराला रिंगांनी बांधायची. जाळी उघड्या जागेपेक्षा किंचित लहान कापायची, म्हणजे बांधताना ताणली जाते. झाल्यावर मधोमध तळवा दाबून सोडा. जाळी लगेच जागेवर आली पाहिजे. पोट आलेली जाळी वाऱ्याने भिंतीवर घासते आणि पहिल्यांदा तिथेच तुटते.

एसीचे पाइप, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आणि खालचा कट्टा या तीन ठिकाणी फट राहते. एसीच्या सर्व्हिसिंगसाठी जाळीत चेन बसवून घ्या, नाहीतर कारागीर येतो, जाळी कापतो आणि कापलेल्या जागी सुतळी बांधून जातो. शिवाय दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. आगीच्या वेळी जिथून बाहेर पडायचं ती खिडकी कायमची बंद करू नका. आणि पक्ष्यांची जाळी ही मुलांसाठीची सुरक्षा जाळी नव्हे, ती माणसाचं वजन पेलत नाही.

---

पागोळी

प्लास्टिकचं घुबड, लटकवलेल्या सीडी आणि 'अल्ट्रासॉनिक' यंत्र यांचंही लिहा ना कुणीतरी. दर महिन्याला कुणी ना कुणी घेऊन येतं.

---

वळचण

पागोळीताई, घुबड हलत नाही आणि हल्ला करत नाही हे कबुतराला काही दिवसांत कळतं. सीडीचं तेच. यंत्राची गोष्ट वेगळी आहे, ते मुळातच फोल. कबुतराच्या ऐकण्याची वरची मर्यादा माणसापेक्षाही खाली आहे, त्यामुळे आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज त्याला तर अजिबातच ऐकू येत नाही. चिकट जेलही नको. महिन्याभरात त्यावर धुळीचा थर बसतो आणि तोवर लहान पक्ष्यांची पिसं त्यात अडकतात.

---

पागोळी

मग साफसफाईचं मी लिहिते, कारण खरा धोका तिथे आहे.

वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. तिच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशा फुप्फुसात जाऊ शकतात. त्याशिवाय पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीतल्या प्रथिनांची फुप्फुसाला ॲलर्जी होते, तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. लक्षणं साधी वाटतात: कोरडा खोकला, जिना चढताना दम, मधूनच ताप. घरात कुणाला असा खोकला आठवडेच्या आठवडे असेल तर डॉक्टरांना खिडकीतल्या कबुतरांबद्दल आपणहून सांगा. त्यांनी विचारलं नाही तर हा दुवा राहून जातो.

पद्धत अशी. एन९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. घराच्या आतली दारं-खिडक्या बंद. साबणाचं पाणी फवारून १५-२० मिनिटं मुरू द्यायचं, जोराची धार मारायची नाही. मऊ झालेला थर पत्र्याच्या सुपलीने खरवडून दुहेरी पिशवीत. मग पुन्हा साबणाने घासून धुवायचं, आणि जागा स्वच्छ झाल्यावरच ब्लीच, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी. ढिगावर थेट ब्लीच ओतलं तर विष्ठेतल्या नत्राच्या संयुगांशी मिसळून घशाला झोंबणारा वायू सुटतो. ॲसिडबरोबर तर कधीच नाही. लोखंडी ग्रिल आणि एसीचा पत्रा धुतल्यावर कोरडे पुसा, विष्ठेने धातू खातो.

घरटं काढलं की पुढचे काही दिवस पिसवांसारखे बारीक किडे घरात दिसू शकतात. ते पक्ष्यांवरचे माइट्स. यजमान गेला म्हणून ते खिडकीच्या फटीतून आत येतात, चावतात, पण माणसाच्या रक्तावर त्यांची वस्ती टिकत नाही. म्हणून घरटं काढायच्या आधीच त्या खिडकीच्या फटी टेपने बंद करा आणि नंतर आठवडाभर चौकट ओल्या फडक्याने पुसा. फडकं गरम साबणाच्या पाण्यात टाका.

---

चौथा मजला

घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर? आणि जमिनीवर पडलेलं पिल्लू उचलावं का? हात लावला की आई टाकून देते म्हणतात.

---

वळचण

हात लावल्याने पक्षी पिल्लू टाकत नाहीत, हा गैरसमज आहे. कबुतराच्या पिल्लांना पाच आठवडे द्या, तोवर जाळीचं माप आणि सामान तयार ठेवा. पिल्लं उडाली त्याच दिवशी सफाई आणि जाळी. एक दिवसही मध्ये सोडू नका.

जमिनीवरच्या पिल्लाची पिसं बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी, टुणटुण उड्या मारतंय, तर ते उडायला शिकतंय आणि आई-बाप आसपास आहेत. मांजर-कुत्र्यापासून उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब व्हा. उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं असेल तर घरट्यातून पडलंय. घरटं सापडलं तर परत ठेवा, नाहीतर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

कावळ्यांचं पिल्लू खाली असलं की मात्र त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर झडप येते, तीही मागून. छत्री उघडून चालायचं किंवा दोन-तीन आठवडे पलीकडच्या फुटपाथने जायचं. दगड मारला तर कावळे चेहरा ओळखतात आणि बराच काळ विसरत नाहीत, हे संशोधनातून सिद्ध झालेलं आहे.

---

कोनाडा

मधमाश्यांचं थोडक्यात. झाडाच्या फांदीला किंवा ग्रिलला एकाएकी माश्यांचा घोस लटकला आणि त्यात पोळं दिसत नसेल, तर तो प्रवासातला थवा. काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत निघून जातो. त्या वेळी राखायला अंडी-पिल्लं नसल्याने माश्या सहसा शांत असतात. धूर, पाणी, फवारा काहीही नको. त्या बाजूची खिडकी लावा आणि रात्री तिथला दिवा बंद ठेवा.

पोळं धरलेलं असेल तर मधपाळाला बोलवा आणि पोळ्याचे सगळे तुकडे काढून न्यायला सांगा. मेण भिंतीवर राहिलं तर वासाने पुढची वसाहत तिथेच येते, आणि बंद पोकळीत मध राहिला तर तो पाझरून भिंतीतून उतरतो.

हल्ला झाला तर थांबू नका, हात झटकू नका, तोंड झाकून थेट बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. नांगी लगेच काढायची, नखाने की चिमट्याने हा विचार करत बसायचं नाही, कारण तुटलेली नांगीही काही काळ विष ढकलत राहते. श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या तर तडक इस्पितळ.

---

मोरी

उंदरांचं मी सांगते. विष सगळ्यात शेवटी. आधी कोणता उंदीर ते ओळखा, म्हणजे कुठे शोधायचं ते कळेल. लेंडी ३ ते ६ मिमीची असेल तर घरातला छोटा उंदीर. साधारण १२ मिमीची, दोन्ही टोकं निमुळती, तर पाइपावर चढणारा काळा उंदीर. १८ मिमीच्या आसपास आणि बोथट, तर जमिनीत बीळ करणारा मोठा तपकिरी उंदीर. काळ्यासाठी मान वर करून बघा: फॉल्स सीलिंग, केबलचे मार्ग, गच्चीला टेकलेल्या फांद्या. तपकिरीसाठी खाली: गटार, चेंबर, कचऱ्याची जागा, पायाजवळची भुसभुशीत माती.

वाट कळत नसेल तर रात्री संशयित ठिकाणी टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर द्या, हातभर लांब. सकाळी पावलांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ दिसते. जुन्या वाटेवर भिंतीला कडेकडेने तेलकट काळपट पट्टा असतो, तो अंगाच्या तेलाचा.

भोकाचं माप लक्षात ठेवायला सोपं: पेन्सिल जाते तिथे छोटा उंदीर जातो. म्हणजे ६ मिमीची फट पुरते. लहान वयाच्या मोठ्या उंदराला १२ मिमी. नुसता फोम भरू नका, दात तो एका रात्रीत पोखरतात. आधी स्टेनलेस किंवा तांब्याची जाळीदार गुंडाळी घट्ट कोंबायची, वरून सिमेंटचा गिलावा. साधी लोखंडी घासणी गंजून मोकळी होते. दाराच्या खालच्या फटीला धातूची पट्टी, नहाणीच्या जाळीला स्क्रू. फटी शोधायला रात्री आतले दिवे बंद करून बाहेरून कुणालातरी टॉर्च फिरवायला सांगा, प्रकाश आत आला ती जागा खडूने खुणवा.

क्रम महत्त्वाचा. बाहेरच्या फटी आधी बुजवायच्या, मग आत राहिलेल्यांसाठी सापळे. सापळा भिंतीला काटकोनात, खटक्याची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला अंग घासत पळतो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. म्हणून त्याच्यासाठी सगळे सापळे आमिष लावून, पण न चढवता, तीन-चार रात्री तसेच ठेवायचे. तो निर्धास्त खायला लागला की एकाच रात्री सगळे चढवायचे. छोटा उंदीर उलट चौकस असतो, त्याच्यासाठी थांबायची गरज नाही, पण सापळे जास्त लागतात, दोन-तीन मीटरवर एक. आमिष म्हणून तो आधीच जे कुरतडतोय तेच ठेवा.

---

चौथा मजला

मोरीताई, पण विष टाकलं तर हे सगळं वाचतं ना?

---

मोरी

वाचत नाही, वाढतं. ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही विषं रक्त गोठू देत नाहीत आणि उंदीर मरायला काही दिवस जातात. तोवर तो डक्टच्या किंवा सीलिंगच्या आत जाऊन मरतो, आणि मग वास कुठून येतोय ते शोधत भिंती ठोकाव्या लागतात. मधल्या दिवसांत तो सुस्तावतो, सहज पकडला जातो, आणि त्याला खाणाऱ्या घुबडाच्या, मांजराच्या पोटात तेच विष जातं. भोक उघडं असेल तर मेलेल्याच्या जागी दुसरा येतोच. व्यावसायिकाने वापरलंच तर कुलपाच्या पेटीत, आणि कुठे किती ठेवलं याची नोंद मागून घ्या. चिकट फळी तर आणूच नका, त्यावर प्राणी तासन्‌तास जिवंत तडफडतो.

---

तिसरी घंटा

आता शेवटची तक्रार, कार्यक्रमाची. आवाज प्रचंड, पण शब्द कळत नाहीत. लोक गायकाला किंवा साउंडवाल्याला बोल लावतात. बरेचदा गुन्हेगार हॉल असतो.

एक हिशोब बघा. आवाज बंद झाल्यावर ६० डेसिबल खाली यायला लागणारा वेळ म्हणजे घुमण्याचा काळ. तो काढायचं सेबिनचं सूत्र सोपं आहे: ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण (हॉलमधलं सगळं मिळून जितकं क्षेत्रफळ आवाज पूर्ण गिळतं तितकं). ३० मीटर लांब, २० रुंद, ८ उंच हॉल धरा, म्हणजे ४८०० घनमीटर. भिंती, फरशी, छत सगळं टणक, एकूण शोषण समजा २०० चौरस मीटर. घुमण्याचा काळ येतो ३.८६ सेकंद. ५०० माणसं बसली, माणशी अर्धा चौरस मीटर शोषण धरलं, तर एकूण ४५० आणि काळ १.७२ सेकंद. म्हणून रिकाम्या हॉलमधलं साउंड चेक आणि भरल्या हॉलमधला कार्यक्रम या दोन वेगळ्या जागाच असतात. अशा हॉलमध्ये स्पीकरवरच्या गाण्याला एक सेकंदाच्या आसपास हवा. शिवाय माणसं आणि पडदे वरचे स्वर शोषतात, खालचे फारसे नाहीत. ढोल, बेस मागे घुमत राहतात आणि शब्दांची व्यंजनं त्याखाली दबतात. स्वर कानावर पडतो, क-च-ट-त-प पडत नाही, म्हणून ओळ कळत नाही.

आत शिरल्यावर एकदा टाळी वाजवा. शेपूट लांब ऐकू आली तर पुढे बसा.

---

वळचण

आवाज वाढवला तर शब्द स्पष्ट का होत नाहीत?

---

तिसरी घंटा

कारण वाढवल्यावर थेट आवाज आणि घुमणारा आवाज दोन्ही सारखेच वाढतात. स्पीकरपासून काही अंतरानंतर घुमणारा आवाज थेट आवाजाहून मोठा होतो. त्या रेषेपलीकडे बटण कितीही फिरवा, प्रमाण तेच. उपाय म्हणजे स्पीकर माणसांच्या जवळ आणि त्यांच्याकडे तोंड करून, मोकळ्या भिंतीकडे नव्हे.

जागेचं गणित: साउंडवाल्याचा मिक्सर (आवाजांचा तोल साधायचं यंत्र) जिथे ठेवलाय त्याच्या आसपासची जागा सहसा सर्वांत चांगली, कारण तोल तिथल्या कानांनी ठरतो. गॅलरीच्या खाली खोलवर बसू नका, तिथे वरचे स्वर पोचत नाहीत. दोन बाजूंना सबवूफर (फक्त बेसचे मोठे स्पीकर) असतील तर बरोबर मधल्या पट्ट्यात बेस अंगावर येतो, तीन-चार खुर्च्या बाजूला सरकलात तरी फरक कळतो. मैदानावर शब्द दोनदा ऐकू येत असतील तर मैदानाच्या मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरच्या टॉवरला विलंब दिलेला नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३४ मीटरवरच्या टॉवरला साधारण ०.१ सेकंद मागे ठेवावं लागतं.

तक्रार करायची तर पहिल्या दोन गाण्यांतच स्वयंसेवकाला सांगा, रांग आणि बाजूसकट: "डावीकडे अठराव्या रांगेत शब्द कळत नाहीत, बेस जास्त आहे." यावर साउंडवाला काहीतरी करू शकतो. "साउंड बेकार आहे" यावर नाही.

---

कोनाडा

इमारतीच्या छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमासाठीही हेच का?

---

तिसरी घंटा

हो, आणि तिथे सगळं आपल्या हातात असतं. दोन स्पीकर स्टँडवर, पहिल्या रांगेच्या डोक्यांच्या वर, किंचित खाली वाकवलेले. टेबलावर ठेवलेला स्पीकर पुढच्यांचे कान फोडतो आणि मागच्यांना पोचत नाही. माइक नेहमी स्पीकरच्या रेषेच्या मागे. गाण्या-बोलण्याच्या माइकवर १०० हर्ट्झखालचं कापून टाका. वापरात नसलेले माइक बंद, कारण उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी) तीन डेसिबल आधी सुटते. तोंडापासून माइक १० सेंटीमीटरवरून ५ वर आणला तर सहा डेसिबल फुकट मिळतात. माइकची जाळी मुठीत धरू देऊ नका, मग तो मागचाही आवाज ओढतो आणि शिट्टी मारतो. मागच्या भिंतीवर जाड पडदा, चुण्या घालून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगलेला.

---

पागोळी

आणि कानांचं? लहान मुलं असतात अशा ठिकाणी.

---

तिसरी घंटा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. कामाच्या ठिकाणांसाठी रूढ असलेला एक हिशोबही लक्षात ठेवण्यासारखा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १००ला फक्त १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर कानात प्लग हवेतच. फोमचे प्लग बोटांत बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचं. त्याने वरचे स्वर जास्त दबतात, गाणं बोजड वाटतं. गाणं नीट ऐकायचं असेल तर फिल्टरचे प्लग घ्या, ते सगळे स्वर बऱ्यापैकी सारखे कमी करतात. लहान मुलांना प्लग नको, डोक्यावरून बसणारे इअरमफ द्या आणि स्पीकरच्या समोरून उठवून मागे न्या.